कोरं पाणी

तिसऱ्यांदा तिनं कुपी बाहेर काढली, मऊ फडक्यानं चारी बाजूंनी पुसली, खिडकीसमोर धरून बोटांचे ठसे राहिले नाहीत ना ते पाहिलं आणि पुन्हा यंत्रात ठेवून झाकण लावलं. पडद्यावरचे आकडे क्षणभर थरथरले आणि थांबले. उणे चार.

"तू काही ऐकायचं नाहीस," ती यंत्राला म्हणाली.

यंत्र तसं सरळमार्गी होतं. कुपीतल्या पाण्यावर निळा उजेड टाकायचा आणि पाण्यानं उलट हिरवा उजेड दिला, तर तो मोजायचा. पाण्यात रंग असेल तर आकडा चढायचा, नसेल तर शून्यावर बसून राहायचा. शून्याच्या खाली जायचं कारण नव्हतं, कारण नसण्याहून कमी असं काही असत नाही. आणि तिच्यासमोर किनाऱ्यावरच्या सात झऱ्यांचं पाणी सात बाटल्यांत रांगेनं उभं होतं, आणि साती झरे उणे होते. उणे चार, उणे चार, उणे साडेतीन, परत उणे चार.

पलीकडच्या टेबलावर डबा उघडून बसलेल्या दादानं मान लांब करून पडद्याकडं पाहिलं. पाणी तपासणाऱ्या त्या छोट्या प्रयोगशाळेत तो सर्वांत जुना, म्हणून साहेबांपासून सफाईवाल्या बाईंपर्यंत सगळ्यांचा दादा.

"उणे पाणी?" तो म्हणाला. "म्हणजे प्यायलं की तहान वाढणार."

"दादा, चेष्टा नको. सकाळपासून डोक्याचा भुगा झालाय."

"दिवा बदललास?"

"बदलला."

"कुपी?"

"दोनदा धुतली. तिसऱ्यांदा धुतली तर काच विरघळेल."

"मग शून्य कशावर लावलंस?"

"कोऱ्या पाण्यावर. आणखी कशावर लावणार?"

दादानं घास चावत खांदे उडवले. "मग दुरुस्तीवाल्याला बोलव. तो पुढच्या आठवड्यात येईल, आपला चहा पिईल आणि सांगेल की यंत्र ठणठणीत आहे, तुमचंच पाणी बिघडलंय."

ती हसली नाही. पुढचा आठवडा तिच्या कामाचा नव्हता. शुक्रवारची दुपार झाली होती आणि उत्तर सोमवारच्या आत हवं होतं.

*

घरी आली तर बाहेरच्या खोलीत इंजिनियर बसला होता. नगरपालिकेचा इंजिनियर, चाळिशी ओलांडलेला, कानशिलांवर पांढरे केस. पण आत्यासमोर तो खुर्चीच्या कडेवर बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आत्यानं त्याला पाचवीत विज्ञान शिकवलं होतं.

"बाई, घाई नाही," तो म्हणत होता. "सोमवारी मी स्वतः येऊन कागद नेतो."

"तू स्वतः येणार म्हणजे मंगळवार उजाडणार," आत्या म्हणाली.

इंजिनियर मोकळेपणानं हसला आणि तिच्याकडं वळला. "तुझ्या आत्याच्या तासाला मी रोज उशिरा जायचो. दुसऱ्या मास्तरांकडं छडी मिळायची. बाई मात्र दारात थांबवायच्या आणि एकच विचारायच्या, 'कुठल्या वाटेनं आलास?' ते खरं सांगितलं की आत. आणि सांगितलेलं सगळं वहीत लिहून ठेवायच्या."

"लिहिणार नाही तर काय! तुमच्यामुळं तर मला गावातल्या सगळ्या वाटा कळल्या. कोणी नाल्याकाठी खेकडे बघत यायचं, कोणी भिंतीवरून उड्या मारत. तू तर कुणाच्या तरी म्हशीमागून यायचास." आत्यानं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. "सगळे निघायचे एकाच घंटेला. पोचायचे आपापल्या वेळेला."

चहा पिऊन, आत्याच्या पाया पडल्यासारखं वाकून, पण मध्येच लाजून तो निघून गेला. टेबलावर कागद राहिला. त्यावर आत्यानं पाण्याचा रिकामा पेला पालथा घातला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

कागदात तीनच ओळी होत्या. गावामागच्या पठारावर शहराचा कचरा पुरण्यासाठी खड्डा होणार होता. किनाऱ्याला त्याचा धोका नाही, कारण पठारावरच्या पाण्याचा किनाऱ्याच्या पाण्याशी संबंध नाही, हे एका जुन्या चाचणीत सिद्ध झालेलं आहे. खाली चाचणी करणाऱ्या निवृत्त शिक्षिकेच्या सहीसाठी जागा.

ती चाचणी गावात कुणी विसरलेलं नव्हतं. तेहतीस वर्षांपूर्वी शाळा पठारावर होती आणि शाळेमागं एक खोल विहीर होती. आत्यानं वर्षभर पत्रं लिहून कुठल्याशा कॉलेजातून साडेतीन किलो रंग मागवला. डब्यात ती पूड विटकरीसारखी तांबडी दिसायची, पाण्यात पडली की पोपटाच्या पंखासारखी हिरवी व्हायची, आणि पिण्यात आली तरी अपाय नव्हता. सगळ्या शाळेसमोर तिनं तो रंग विहिरीत ओतला आणि सांगितलं, जमिनीच्या पोटातून वाट काढत हे पाणी शंभर दिवसांत किनाऱ्यावरच्या झऱ्यांना येईल. शंभराव्या दिवशी अख्खं गाव ओहोटीला वाळूत उभं राहिलं. हेडमास्तरांसाठी शाळेतून खुर्ची आणली होती. संध्याकाळपर्यंत झरे काचेसारखे स्वच्छ वाहत राहिले, मग भरती आली आणि गडबडीत विसरलेली खुर्ची तरंगत निघून गेली. त्या दिवसापासून आत्या गावाची 'शंभरदिवसे बाई' झाली. कुणी उधार दिलेलं भांडं परत करायला वेळ लावला, की लोक म्हणायचे, "शंभर दिवसांत देतो बरं का."

आत्या हसण्यावारी न्यायची. पण त्यानंतर सात वर्षं दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, जेव्हा समुद्र सर्वांत दूर जातो, तेव्हा बाटल्यांची पिशवी घेऊन ती किनाऱ्यावर जात राहिली. रंगाला ऊन सोसत नाही, उन्हात तो मरतो, म्हणून औषधाच्या तपकिरी बाटल्या. सात वर्षांनी ती थांबली. चाचणीचा निकाल तिनं वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या हातानं लिहिला आणि शाळेच्या कपाटात वहीची नक्कल ठेवली. ती नक्कल आता नगरपालिकेला सापडली होती.

"आत्या, आताच सही करू नकोस."

"का गं ठमे?" आत्या तिला लहानपणापासून ठमी म्हणायची, आता ती सव्वीस वर्षांची, सडपातळ आणि पदवीधर होती तरी. "खोटं आहे का त्यात काही?"

"खड्डा होऊ नये असं तुला वाटतं ना?"

"वाटतं की. सत्तर वर्षांची अक्कल आहे मला, कचरा कुठं मुरतो ते न कळायला. पण मला काय वाटतं आणि मला काय दिसलं, या दोन गोष्टी आहेत. सात वर्षं मला काही दिसलं नाही. मीच तसं लिहिलं. आता सोयीचं नाही म्हणून फिरवू? पोरांना काय शिकवलं मग मी?"

"मी परत मोजतेय."

"मोज. सोमवारपर्यंत मोज. तुला दिसलं तर मी आनंदानं खोटी पडेन." आत्यानं कप उचलले. "नाही दिसलं, तर सही करेन."

*

जेवणं होईपर्यंत बराच वेळ होता. ती आत्याच्या जुन्या वह्या घेऊन खिडकीत बसली. पंधरा दिवसांपूर्वी याच वह्या वाचून तिनं काम सुरू केलं होतं, पण तेव्हा फक्त पद्धत वाचली होती, नोंदी नाहीत.

पद्धत चोख होती. कुठल्याही झऱ्याच्या पाण्याला कुजलेल्या पाचोळ्याची स्वतःची थोडी चमक असू शकते. ती रंगाच्या नावावर लागू नये म्हणून तुलनेला दुसऱ्या एका झऱ्याचं, रंग न पोचलेलं पाणी घ्यायचं. आत्यानं त्याला नाव दिलं होतं कोरं पाणी. आणि ते कुठलं घ्यायचं, हेही लिहिलं होतं: 'काळ्या खडकापलीकडचा झरा. फक्त मोठ्या ओहोटीला उघडा पडतो. किनाऱ्यापासून फार आत, समुद्राच्या तळातून. पाणी आळशी असते, मिळेल त्या पहिल्या दाराने बाहेर पडते. पठाराचे पाणी किनारा ओलांडून एवढ्या दूर येणे शक्य नाही. म्हणून हे कोरे.'

गेल्या अमावास्येला ती स्वतः तिथं जाऊन आली होती. गुडघाभर पाण्यातून, शिंपल्या वेचणाऱ्या बायकांच्या मागोमाग. गावात विकल्या जाणाऱ्या निम्म्या शिंपल्या त्या एका खडकाभोवती मिळायच्या. तिथं वाळूतून बुडबुड्यासारखं गोड पाणी वर येत होतं, आणि आत्यानं सांगितलं होतं तशी तिनं तपकिरी बाटली भरून आणली होती.

आता ती नोंदी वाचू लागली. आत्याकडं यंत्र नव्हतं. तिनं शाळेच्या सुताराकडून एक लाकडी पेटी करून घेतली होती. आत निळ्या काचेचा दिवा, दोन नळ्या ठेवायला दोन भोकं, बघायला एक फट. डाव्या नळीत झऱ्याचं पाणी, उजव्या नळीत कोरं. पानामागून पान एकच शब्द होता. 'सारखे.' 'सारखे.' 'सारखे.' पाच वर्षं, दोन-अडीचशे पानं, निळ्या शाईत, रेघेवर बसलेलं अक्षर.

सहाव्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या एका पानावर तिचं बोट थांबलं.

'कोरे किंचित उजळ? डोळे थकले असावेत.'

पुढच्या पानावर: 'परत कोरेच उजळ. चष्म्याचा नंबर तपासून घेणे.'

दोन महिन्यांनी: 'नवा चष्मा. तरी तसेच.'

आणि सातव्या वर्षाच्या शेवटी, अक्षर जरा मोठं आणि रेघेच्या खाली उतरलेलं: 'डोळ्यांवर भरवसा उरला नाही. थांबत आहे. साती झऱ्यांत रंग नाही. पठाराच्या पाण्याचा किनाऱ्याशी संबंध नाही.'

"ठमे, ताटं घे," आतून आत्याचा आवाज आला.

ती उठली नाही. दादानं दुपारी विचारलेला प्रश्न तिच्या कानात घुमत होता. शून्य कशावर लावलंस?

*

शनिवारी प्रयोगशाळेला अर्धा दिवस असायचा. कुलूप उघडायच्या आधी ती पायरीवर उभी होती.

तिनं झऱ्यांच्या बाटल्यांना हात लावला नाही. कुपीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं, ज्यात मुळी काहीच नसतं, आणि यंत्रात ठेवलं. उणे चार. मग तिनं यंत्राला सांगितलं की हेच शून्य समज. आणि तपकिरी बाटलीतलं, खडकापलीकडचं कोरं पाणी कुपीत ओतलं.

अधिक चार.

यंत्र खोटं बोलत नव्हतं. शून्य खोटं होतं.

पण घाई करायची नाही, हेही तिला आत्यानंच शिकवलं होतं. चार म्हणजे पाचोळ्याची चमकही असू शकते. तिनं त्या पाण्याच्या दोन कुप्या भरल्या. एक टेबलाच्या खणात ठेवली, दुसरी खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात. पाचोळ्याची चमक उन्हाला सहजासहजी दाद देत नाही. रंग देतो.

"कुपीला ऊन दाखवतेयस?" दादा आत येत म्हणाला. "सर्दी झाली का तिला?"

"दोन वाजेपर्यंत थांबाल, दादा?"

त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि घरी फोन करून सांगितलं की उशीर होईल.

दोन वाजता खणातली कुपी चार दाखवत होती. खिडकीतली शून्यावर आली होती. दादानं दोन्ही आकडे आपल्या वहीत टिपून घेतले, खाली सही केली, वेळ लिहिली. मग खिडकीपाशी गेला. तिथून पठाराची कड दिसायची, तिच्याखाली उतरत गेलेली घरं, बाजार, बसस्थानक, मग वाळू, आणि वाळूच्या पुढं पार दूर, पाण्यातून जेमतेम डोकं काढलेला काळा खडक.

"केवढं अंतर असेल?" त्यानं विचारलं.

"साडेतीन किलोमीटर."

"आणि वर्षं?"

"सहा. रोज दोन पावलं," ती म्हणाली. तिनं रात्री हिशेब केला होता. "आपली दोन पावलं. रोज. न थांबता."

दादा खाली पाहत राहिला. बाजारात हातगाड्या लागत होत्या, एक बस मागं येत होती, कुणी तिला "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं. या सगळ्याच्या खालून, तळघरांच्या आणि गटारांच्या आणि झाडांच्या मुळांच्याही खालून, अंधारात ते चाललं होतं. किनाऱ्यावर सात दारं उघडी असताना ते एकातूनही बाहेर आलं नव्हतं. खाली कुठंतरी चिकणमातीचा थर असणार. त्या थराखालून सरकत ते वाळूखालून गेलं, लाटांखालून गेलं, समुद्राच्या तळाखालून समुद्रात शिरलं आणि पुढं जात राहिलं. वर खारं पाणी होतं, खाली गोड, आणि मध्ये वीतभर मातीचा पडदा. मग जिथं तो पडदा फाटला होता, तिथं ते वर आलं. ऊन लागायच्या आत कुणीतरी त्याला तपकिरी बाटलीत धरलं, आणि बाटलीवर लिहिलं, कोरं.

"बाईंना सांगितलंस?" दादानं विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. तेच तर अवघड होतं. आत्या जिंकली होती हे सांगायचं, तर ती हरली कशी हेही सांगावं लागणार होतं. सात वर्षं जे शोधलं ते तिच्याच पिशवीत होतं. दर पंधरवड्याला तिनं ते स्वतःच्या हातानं आणलं होतं आणि उजव्या नळीत ओतलं होतं.

*

माळ्यावरून लाकडी पेटी खाली काढली तेव्हा तिच्यावर बोटभर धूळ होती. निळी काच शाबूत होती. तिनं दिव्याऐवजी आत टॉर्च बसवला, दोन नळ्या भरल्या, खिडक्या लावून घेतल्या आणि आत्याला हाक मारली.

"हे काय काढून बसलीस? गाडलेलं मढं कशाला उकरतेस!"

"बघ ना एकदा. कुठलं उजळ दिसतं?"

"ठमे, माझ्या डोळ्यांचं काय खरं आहे?"

"बघ तर."

कुरकुरत आत्या स्टुलावर बसली, चष्मा कपाळावर चढवला आणि फटीला डोळा लावला. तो लावायची तिची लकब हातांना अजून पाठ होती. डाव्या तळव्यानं बाजूचा उजेड अडवलेला. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता.

"उजवं," ती म्हणाली.

ठमीनं पेटी आपल्याकडं वळवली, नळ्यांशी काहीतरी केलं, पेटी परत फिरवली. "आता?"

"आता डावं. अगदी जरासं."

"परत बघ. आता?"

"डावंच. हलवल्या नाहीस तू या खेपेला." आत्याच्या आवाजात बाईंची जरब आली. "मला फसवतेस?"

"आता?"

"उजवं."

अशा नऊ वेळा नळ्या बदलल्या किंवा न बदलल्या. नऊही वेळा आत्या बरोबर आली. शेवटी ठमी पेटीच्या बाजूला जमिनीवर बसली.

"तुझे डोळे चांगले आहेत, आत्या," ती म्हणाली. "तेव्हाही चांगलेच होते."

आत्यानं फटीवरून चेहरा उचलला. "एका नळीत काय आहे?"

"डिस्टिल्ड वॉटर."

"आणि दुसरीत? जे उजळ आहे?"

"तुझं कोरं पाणी."

आत्यानं चष्मा कपाळावरून काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला, परत काढला आणि परत पुसला. ऊन-सावलीच्या कुप्यांचं सांगायला ठमीचं तोंड उघडलं होतं, पण आत्यानं हात वर केला, वर्गात कुणी मध्येच उत्तर देऊ लागलं की करायची तसा.

"म्हणजे आलं होतं ते," आत्या म्हणाली.

"सहाव्या वर्षी. पावसाळ्यानंतर."

"आणि मी त्यालाच..."

ती स्टुलावरून उठली आणि अनवाणी पायांनी खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. फरशीकडं पाहू लागली, एखादी वस्तू पडली असावी तशी.

"आपलं घर त्याच रेषेवर येतं गं," ती म्हणाली. "शाळा, मग हे घर, मग तो खडक."

"हो."

"म्हणजे इथनं गेलं असेल. मी स्वयंपाक करत असेन. नाहीतर त्याची वाट बघत झोपले असेन." तिनं पायाचं बोट फरशीवर हलकेच टेकवलं आणि उचललं. "अजून येतंय? तेहतीस वर्षांनी? साडेतीन किलो रंग तो केवढा!"

"काही पाणी सरळ भेगांतून आलं असणार. काही दगडाच्या बारीक छिद्रांत शिरून बसलं, ते हळूहळू सुटतंय."

"निघाले सगळे एकाच घंटेला," आत्या पुटपुटली.

मग ती टेबलाशी गेली. पालथा पेला उचलला, कागद वाचला आणि पेला परत त्यावर ठेवला. वही उघडून शेवटचं पान काढलं. पेन घेऊन शेवटच्या वाक्यावर एकच सरळ रेघ ओढली, खालचे शब्द वाचता येतील अशी; खोडायचं नाही, चूक दिसली पाहिजे, हा तिचा वर्गातला नियम होता. त्याखाली तिनं तारीख घातली आणि लिहिलं: 'संबंध आहे. कोरे पाणी कोरे नव्हते. चूक माझी.'

"इंजिनियरला फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, कागदावर सही होणार नाही. आणि उद्या दुपारी किनाऱ्यावर ये. भिजणाऱ्या चपला घाल."

*

रविवारी पौर्णिमा होती. दुपारी समुद्र इतका मागं गेला की ओल्या वाळूवर ढग उतरल्यासारखे दिसत होते. आत्याचे गुडघे खडकांना तयार नव्हते, पण ती कुणाचं ऐकेना. एक हात ठमीच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. दर दहा पावलांना थांबायची.

"दोन दिवसांची पावलं झाली... पाच दिवसांची झाली," ती मोजत होती आणि स्वतःशीच हसत होती.

इंजिनियर अजून आला नव्हता.

काळ्या खडकामागं पाणी घोट्याएवढं राहिलं होतं. शिंपल्या वेचणाऱ्या दोन बायका टोपल्या भरून परत निघाल्या होत्या. त्यांनी बाईंना ओळखलं. "शंभर दिवस झाले का बाई?" एकीनं विचारलं. तिच्या आवाजात वाकडं काही नव्हतं. गावात ते विचारायची पद्धतच होती.

"झाले," आत्या म्हणाली. ती वेचणारी थबकली, हसली आणि पुढं गेली.

झरा दिसायला काहीच नव्हता. कढईएवढ्या खळग्यात वाळूचे कण नाचत होते, खालून कुणी फुंकर घातल्यासारखे. वर आलेलं गोड पाणी खाऱ्यात मिसळताना तेवढ्या जागी सगळं अस्पष्ट थरथरत होतं, तापलेल्या रस्त्यावरची हवा थरथरते तसं. हिरवं काही नव्हतं. इतका विरळ रंग कुणाच्या डोळ्यांना दिसणार नव्हता, आणि दिसायच्या आत ऊन त्याला पुसून टाकत होतं.

आत्यानं काठी ठमीकडं दिली, साडी वर खोचली आणि एक पाय खळग्यात ठेवला. समुद्र कोमट होता. तिच्या खांद्यांतून एक शिरशिरी गेली.

"गार आहे," ती म्हणाली. "विहिरीसारखं."

ठमीनं पिशवीतून तपकिरी बाटली काढली. तिच्यावर जुनी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. मागून, लांबून, वाळूवरून कुणीतरी हाका मारत येत होतं. इंजिनियर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. नेहमीसारखा उशिरा. आत्यानं वळून पाहिलं नाही.

ती सावकाश वाकली. गुडघे दुखले असणार, पण तिनं ते दाखवलं नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून तिनं खळग्यात धरली, आणि तेहतीस वर्षं चालून आलेलं पाणी बोटांच्या फटींतून वर येऊ लागलं, भरू लागलं, सांडू लागलं.

"कुठल्या वाटेनं आलंस?" तिनं विचारलं.

ठमीनं बाटलीचं झाकण उघडलं नाही. ओंजळ तशीच धरून, वर्गाच्या दारात थांबायची तशी, आत्या उत्तराची वाट पाहत थांबली.